येळवशीच्या कोपीतला उंदीर

ति. बलभीममामांच्या पायांवर बेंगळूरहून भाचा श्रीनाथ डोकं ठेवतो. तुमचा गुडघा, मामीची पाठ आन् भुऱ्या बैलाचं खूर, तिन्ही बरं असावं. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. मामी फोन स्पीकरवर टाकती आन् अर्धं सास्तूर गाव ऐकतं, म्हणून. हे एकट्यानंच वाचा.

सातवीत शाळा सोडल्यापासनं मी नऊ कामं धरली आन् नऊ सोडली (जेसीबीचं म्या सोडलं न्हाय, मालकानं सोडवलं). हे दहावं टिकतंय. इथं प्राण्यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. येळवशीच्या, येळ अमावस्येच्या सणाला गावाकडं निघालो तवा आमच्या राजेश्वरी मॅडमनी (माणूस साधं, पण उंदरावर लई जीव) पत्र्याचे वीस पिंजरे दिले. शेतात लाव, घावंल ते स्पिरिटच्या बाटलीत आण, म्हणाल्या. म्या एकच उंदीर नेला. शेपटीच्या टोकाला झुपका, तुमच्या मिशीवानी (राग नसावा). चिठ्ठीवर लिहिलं, पिंजऱ्यात घावला.

मामा, त्या उंदरानं इथं धुमाकूळ घातला. मॅडमनी त्याची कवटी साफ केली, भिंगाखाली दात बघितले, तर एका दाढेला भलताच कंगोरा. मग काळजाचा हरभऱ्याएवढा तुकडा मशीनला दिला. आपल्याकडं हेळवी येतो, पोथी उघडतो आन् कुळाच्या सात पिढ्या सांगतो, तसलंच ते मशीन. त्यानं सांगितलं, बाकीच्या उंदरांशी भावकी हाय, पण लाखो वर्षांमागं तुटलेली. आता सोयरीक जमायची न्हाय. म्हंजे उंदीर नवाकोरा! मॅडमनी स्वतःच्या हातानं मला कॉफी दिली.

मग त्यांनी पोट उघडलं. तूर, पावटा, वाटाणा, हरभरा, शेंगदाणा, चिंच, बेसन, वर लसणाचा वास. मॅडम दोन दिवस विचारात. "श्रीनाथ, इतकं सगळं एकाच रानात मिळतं?" म्या म्हणालो, आमची जमीन लई सुपीक हाय. "आणि शिजलेलं मिळतं?" मग येळवशीला रानात कडब्याची कोपी करतो, तिथं ह्याच सगळ्याची शिजवलेली भज्जी नेतो, उंदीर पिंजऱ्यात न्हाय, त्या कोपीत घावला, एवढं खरं सांगून टाकलं. मॅडम पोट धरून हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या आन् म्हणाल्या, एकट्या उंदरावर नवेपणा पक्का होत न्हाय, दुसरा पाहिजे, तोबी पिंजऱ्यातला आन् खऱ्या चिठ्ठीचा. मिळाला तर मला रानोमाळ फिरायचं कायमचं काम. न्हाय तर बाटल्याबी दुसराच धुईल. मामा, चार भिंतींत माझा जीव रमत न्हाय, तुम्हाला ठाऊक हाय. हे काम मला लई मनापासनं पाहिजे.

तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
श्रीनाथ

ता. क. : पिंजरे तुमच्याच माळ्यावर हायेत, वीसच्या वीस. मामीनं डबे समजून त्यात बियाण्याचा लसूण भरलाय. तेवढा हळूच काढून ठेवा आन् पिंजरे कडब्याच्या गंजीपाशी शेंगदाणे घालून लावा. उंदराचं औषध टाकू नका, मांजर बांधा. मी शनिवारी मॅडमना घेऊन येतो.

आणखी एक : पहिला उंदीर नेमका कुठं घावला, हे मॅडम मामीला विचारतील. मामीला ठाऊक न्हाय. तो कोपीतल्या आंबिलीच्या बिंदग्यात, भरल्या घागरीत, तरंगत होता. म्या शेपटी धरून काढला आन् गप बसलो. त्यानंतर तुम्ही तीन तांबे प्यालात आन् मिशी पुसत मामीला म्हणालात, "हरणाबाई, यंदा आंबिलीला काय चव आलीय! काय घातलंस गं?"