काकवीची बादली आणि आपले माजी दाजी

टॅलोव्हिल, जॉर्जिया
९ डिसेंबर

प्रिय व्हर्नेलताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मेकनच्या थंडीत जपून राहा. माझं विचारशील तर रक्तदाब वाढलाय, झोप उडालीय आणि समितीचा पिवळा कोट पोटावर बसेनासा झालाय. (बटण लावलं की श्वास अडकतो, सोडलं की अध्यक्षपदाला शोभत नाही.)

ताई, आपला काकवी बाउल यंदा बंद पडतो की काय, अशी मला धास्ती आहे. त्रेसष्ट वर्षं चाललेला सामना माझ्या अध्यक्षतेखाली बुडाला, तर बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांच्या गुऱ्हाळातली काकवी खपेना, म्हणून त्यांनी दोन कॉलेजांना फुटबॉल खेळायला बोलावलं, तिथून हे सुरू झालं. पहिल्याच वर्षी काकवीचा डबा बक्षीस देताना बाबांचा पाय घसरला, डबा सामना जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर रिकामा झाला, आणि लोकांना खेळापेक्षा तेच आवडलं. तेव्हापासून जिंकणाऱ्या प्रशिक्षकावर काकवीची बादली ओतायची ही प्रथा. बाहेरचे हसतात, वर्षभरात सहा सामने जिंकलेले नि सहा हरलेले संघ, त्यांचं कसलं कौतुक? पण त्यातली कितीतरी पोरं त्या दिवशी आयुष्यातला शेवटचा सामना खेळतात. त्यांच्या आया घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि नंतर सगळं गाव भट्टीपाशी गरम बिस्किटं काकवीत बुडवून खातं. मला दरवर्षी रडू येतं.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. गारठ्याने काकवी थिजली. बादली उपडी केली तरी थेंब पडेना, म्हणून उपाध्यक्ष रॉस्कोने बुडावर थाप मारली, आणि अख्खा गोळा प्रशिक्षकाच्या मानेवर बसला. बिचारा दोन महिने मानेला पट्टा लावून फिरत होता. आता टीव्हीच्या मिस क्वार्ल्सना दोन्ही प्रशिक्षकांची आगाऊ लेखी संमती हवी आहे. "बादली नाही तर प्रक्षेपण नाही, हॉलिस. नुसता खेळ कोण बघतंय?" आणि प्रक्षेपण नाही तर पुढच्या वर्षी सामना नाही, हे मला न सांगताही कळतं.

त्यात माझी घोडचूक. पात्रतेपुरते सहा विजय असलेला संघ मिळाला या आनंदात मी निमंत्रणावर सही ठोकली, प्रशिक्षकाचं नाव वाचलंच नाही. प्रथेप्रमाणे पिवळा कोट घालून, काकवीचा डबा घेऊन त्यांच्या मैदानावर गेलो, तर समोर आपले माजी दाजी! नोव्हेंबरात मुख्य प्रशिक्षकाला काढलं आणि सहायक असलेल्या डॉयलला बढती मिळाली, हे मला कोण सांगणार? एकवीस वर्षांपूर्वी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून तुला लेकरांसकट टाकून गेलेला माणूस, आणि मी त्याला भेट देत उभा. डबा हातात द्यावा की फेकून मारावा, कळेना.

"काय हॉलिस, पोट सुटलं की रे!" तो म्हणाला.

"सही करा दाजी," जुन्या सवयीने माझ्या तोंडून गेलं. (क्षमा कर.)

"बघू," म्हणाला आणि पोरांवर खेकसायला निघून गेला. दुसऱ्या प्रशिक्षकाने तर कधीच सही पाठवली. मुदत शुक्रवारी संपते.

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हॉलिस

ता. क. : एक सांगायचं राहिलं. डॉयलचा काल फोन आला होता. सही करायला तयार आहे, पण बादली तुझ्या हातची हवी म्हणतो. ही कसली थट्टा, असं मी चिडून विचारलं. तर म्हणाला, "थट्टा नाही रे. मी तसा निघून गेलो, आणि तिने पेलाभर पाणीसुद्धा माझ्या अंगावर फेकलं नाही. सगळ्या गावासमोर ओतू दे तिला." ताई, अठ्ठावीस तारखेला सामन्याला येशील का? माझा आग्रह नाही. (आहे.)

आणखी एक ता. क. : तो हरला तर काय, असं विचारशील. नियमाने बादली जिंकणाऱ्यावरच ओततात. पण समितीने आज सकाळी एकमताने ठराव केलाय : तू येणार असशील, तर तो हरला तरी ओतायची.