मास्तरांची ओंजळ

मास्तर, उद्या सकाळच्या उपासनेनंतर आपल्या चर्चमध्ये तुमच्या स्मरणार्थ एक चित्र लागणार आहे. ते मी काढलंय आणि त्यात तुम्ही आहात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा तुम्ही ते बघायला येणार नाही हे मला कळतं. पण हे चित्र मी तुमच्यावर सूड उगवायला काढलंय, आणि ज्याच्यावर उगवायचा त्याला पत्ताच नसेल तर त्यात गोडी कसली? म्हणून लिहिते. सोलापूरच्या आपल्या मुलींच्या शाळेत, त्याच ड्रॉइंगच्या खोलीत बसले आहे. दुपार आहे, शाळा सुटली आहे. तुमची खुर्ची आता माझी आहे. तिचा एक पाय अजून डुगडुगतो, आणि मुली मागं हसतात तशाच आम्हीही तुमच्या मागं हसायचो.

तुम्हाला तो शुक्रवार आठवत नसेल. मी बारा वर्षांची होते. तुम्ही शोमरोनी बाईची गोष्ट सांगितलीत. प्रभू चालून चालून दमला, भर दुपारी विहिरीवर बसला, आणि ज्या लोकांच्या हातचं पाणी त्याचे लोक पीत नसत त्यांच्यातल्याच एका बाईजवळ त्यानं पाणी मागितलं. गोष्ट तुम्ही फार सुंदर सांगायचात, हे मी नाकारत नाही. मग म्हणालात, आता हे चित्र काढा. बाकीच्या मुली खिडकीजवळच्या विलायती छापील चित्राकडे बघून काढू लागल्या. मी बघितलं नाही. मला विहीर माहीत होती. आम्ही मूळचे वैरागकडचे, आमची घरं वेशीबाहेर. विहिरीला हात लावायची बंदी. आई मडकं घेऊन लांब बसायची आणि मी तिच्या पदराला धरून. वरच्या घरातली एखादी बाई यायची, तिच्या मनात आलं तर पाणी ओतायची, आपली घागर आमच्या मडक्याला लागू नये म्हणून हातभर उंचावरून. तहान लागली असेल तर खाली वाकून ओंजळ धरायची. विहिरीवर पाणी मागणाऱ्याला पाणी असंच मिळतं, एवढंच मला ठाऊक. म्हणून मी प्रभूला ओंजळ धरून बसवलं आणि बाईला उभं केलं. बाईला तोंड आईचं दिलं, कारण दुसरं तोंड मला येत नव्हतं.

तुम्ही कागद उचललात. आधी तुम्हाला कळलंच नाही, मग कळलं. "प्रभूला ओंजळीनं पाणी पाजतेस? तो काय तुमच्या वाड्यातला आहे?" तुम्ही कागद फाडला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही तो कुंचले धुवायच्या घमेल्यात बुडवलात. दोन बोटांनी धरून हळूहळू हलवत राहिलात, आणि आईचं तोंड, तिचं लुगडं, प्रभूचे हात सगळं पाण्यात उतरलं. मग तो ओला कागद माझ्या हातात दिलात. "कागद महाग आहे. वाळव आणि ह्याच्यावरच पुन्हा काढ." मी वाळवला. छापील चित्रातला गोरा प्रभू काढला, त्याच्या हातात लोटा दिला. तुम्ही 'उत्तम' असा शेरा मारलात. त्या दिवशी मी डूख धरला, मास्तर.

तसा माझा तुमच्यावरचा रागही कमी झाला असता, वर्षं जातात तशी माणसं विसरतात. तुम्ही मला खूप शिकवलंत. आत्मा रंगवायचा असेल तर डोळ्यांच्या मागं लागू नकोस, हात काढ, असं तुम्हीच सांगितलंत. हात खोटं बोलत नाहीत म्हणायचात. ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेत मी पहिली आले तेव्हा तुम्ही स्वतःचा खारीच्या केसांचा कुंचला मला दिलात, आणि तो देताना तुमचे डोळे भरले होते. तुम्ही वरच्या जातीतलं घर सोडून प्रभूकडे आलात, घरच्यांनी तुमच्या नावानं आंघोळ केली, हेही आम्हाला माहीत होतं आणि आम्ही तुम्हाला त्यासाठी मानत होतो. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो पीळ मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे.

माझे वडील वारले तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही प्रार्थनेला आमच्या गिरणीजवळच्या खोलीत आलात. उन्हातून चालत आला होता, ओठांना भेगा पडल्या होत्या, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. आईनं तांब्या राखेनं दोनदा घासला, पाणी दोन्ही हातांनी पुढं केलं. तुम्ही म्हणालात, "नको बाई, तहान नाही." मग डोळे मिटून तुम्ही, प्रभूनं त्या शोमरोनी बाईला देऊ केलेल्या जिवंत पाण्याबद्दल लांबलचक प्रार्थना केलीत. आई तांब्या धरून तशीच उभी होती, 'आमेन' होईपर्यंत.

तुम्ही छत्री विसरलात. आईनं मला तुमच्या मागं पळवलं. कोपऱ्यावरच्या पाणपोईशी मी तुम्हाला गाठलं. तुम्ही वाकला होता. ओंजळ तोंडाला लावली होती, पाणपोईवाला म्हातारा झारीनं वरून धार धरत होता आणि तुमच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. पाणी कोपरांवरून गळून धोतर भिजत होतं. तुम्ही पीतच होता. मी छत्री भिंतीला टेकवली आणि तुम्ही मान वर करायच्या आत परत आले. घरी आईनं विचारलं, "दिलीस का गं? काय म्हनले?" मी म्हटलं, "काही नाही." तुमची ती ओंजळ मात्र मी पाठ केली. कुठलीही प्रार्थना मला इतकी पाठ नाही.

तर आता चित्र. यंदा चर्चच्या मंडळीच्या पंचांनी ठरवलं की तुमच्या आठवणीसाठी बोधाचं एखादं चित्र असावं, आणि ते तुमच्याच विद्यार्थिनीनं काढावं. विषय मी सांगितला. शोमरोनी बाई. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिने मी हे चित्र काढते आहे. विहीर वैरागची आहे. बाई माझी आई आहे, काळी, उंच, गिरणीत घालते त्या हिरव्या लुगड्यात. आणि खाली वाकून ओंजळ धरलेला तहानलेला माणूस तुम्ही आहात. दाढी दिली आहे, पण भेगाळलेले ओठ तुमचे, गळ्याची घाटी तुमची, हात तर तुमचेच. अडचण एकच होती. तुम्हाला तहानलेला दाखवायचं तर प्रभूच्या जागी बसवावं लागत होतं. ह्यानं दोन दिवस माझा कुंचला अडला. मग मी प्रभूची क्षमा मागितली आणि तुमचं नाक रंगवायला घेतलं. मला देव कधी ढगात दिसला नाही, दिसला तो कोरड पडलेल्या गळ्यातच, तेव्हा तो मला समजून घेईल असं वाटलं. चित्र भक्तीचं नाही हे त्यालाही दिसतच असेल. मला एवढंच हवं होतं की दर रविवारी सगळ्या मंडळीसमोर तुम्ही माझ्या आईच्या हातचं पाणी प्यावं, आणि प्रभूचं हे मंदिर उभं आहे तोवर पीत राहावं. मडकं मी हातभर उंच धरलं. वैरागच्या त्या बाया धरायच्या तेवढंच, तसूभर कमी नाही.

पाळकसाहेब बघून गेले. त्यांनी तुम्हाला ओळखलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "किती मोठा मान दिलात मास्तरांना," म्हणाले. मी दात आवळून हसले. पण मनात म्हटलं, असू दे. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, एवढं पुरे.

काल संध्याकाळी आईला घेऊन आले. ती आता वाकली आहे, नजरही कमी झाली आहे, तरी गिरणीत जाते. तिनं चित्राजवळ जाऊन बराच वेळ बघितलं.

"ह्यो तर तुजा मास्तर."

"हो."

"आन ही मी व्हय? लुगडं माजंच हाय की." ती खूष झाली असं मला वाटलं. मग तिनं मडक्याकडे बोट केलं. "पर येवढ्या वरनं का वततीया मी? मानसाच्या नाकातोंडात पानी जाईल."

तेव्हा मी तिला पाणपोईचं सांगितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. वाटलं, आता तरी ती संतापेल. ती म्हणाली, "तहान न्हाई म्हनले तवाच मला कळलं हुतं. मी काय आंधळी हुते? पर म्हनून मी अशी पाजीन व्हय कुनाला? तान्हेला मानूस, त्येला जवळनं वतावं." मग पुन्हा मडक्याकडे बघून पुटपुटली, "ह्यो हात माजा न्हाई." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मडकं खाली आणायचं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. सकाळपासून दोनदा रंग कालवला आणि दोनदा पुसून टाकला. तुम्हाला पत्र टाकायला पोस्ट नाही, म्हणून हा कागद मी टेबलाच्या खणात ठेवते. आईला जे सांगितलं नाही ते तेवढं तुम्हाला सांगते. ती कामावर असायची, समोर बसायला तिला सवड नव्हती. मडकं धरलेला तो हात मी आरशासमोर तांब्या उंच धरून काढला. तो माझा आहे. आणि तो मी अजून खाली घेतलेला नाही.