हवा भरून तपासलेलं सामान

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार, भाऊजींना थोडं कमी वाकून (कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच) आणि भाच्यांना पापे. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला गेला असावा, कारण परवा फोनवर तू सलग बोललीस आणि मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. म्हणून हे पत्र. पत्रात समोरच्याला मधे बोलता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण. इकडे सगळे खुशाल आहेत.

तू माझ्या गळ्यात दोन कामं घातली होतीस. बोटीवर पोहायचा तलाव आहे, म्हणून दोन्ही घरच्या पोरांचं पोहण्याचं सामान बांधायचं आणि आईला बोटीच्या सहलीला यायला तयार करायचं. पहिलं सोपं आणि दुसरं अवघड, अशी आपली समजूत होती. बाबा गेल्यापासून आई गल्लीच्या टोकापलीकडे जात नाही. तिचं तिकीट काढलं तरी ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’ हे पालुपद सुटेना. (या घराला एवढं काय झालंय की त्याला कुणी सांभाळावं, कोण जाणे.) पण गेल्या आठवड्यात ती जरा विरघळली. बोटीवर सकाळचा चहा खोलीत आणून देतात की आपण जायचं, असं तिने आपण होऊन विचारलं. मी मनात म्हटलं, झालं काम. आणि त्याच आनंदात सामान बांधायला बसलो.

आता तुला माहीतच आहे, लोकांच्या घरचं सामान बांधून दुसऱ्या घरी पोचवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्या धंद्यात तपासल्याशिवाय कुठलीच वस्तू खोक्यात जात नाही. घड्याळ चालतंय हे आधी बघायचं, मगच गुंडाळायचं, नाहीतर पोचल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच बंद पाडलंत. हाताला लागलेली सवय घरी आल्यावर थोडीच सुटते? मी पोरांच्या सगळ्या ट्यूबा, दंडाला घालायचे फुगे, तू पाठवलेलं पिवळं बदक, झाडून सगळं फुगवलं आणि कुठे हवा जाते का बघायला दिवसभर बैठकीत मांडून ठेवलं. तोंडाने फुगवलं. (घरात पंप आहे. तो फ्रीजवर असतो. हे मला तुझी भावजय कामावरून आल्यावर कळलं.) मला काही वेळ दोन दोन बदकं दिसत होती, पण काम चोख झालं. बदक मानेत गळतं हे सिद्ध झालं. संध्याकाळपर्यंत त्याने आमच्या मॅनेजरचं भाषण ऐकत असल्यासारखी हळूहळू मान टाकली.

पोरांनी त्या सामानाचा लगेच ताबा घेतला. धाकटी दंडांत फुगे घालूनच जेवायला बसली. हात कोपरात वाकेनात, म्हणून तिला मी भरवलं आणि ती राणीसारखी जेवली. थोरला लाइफ जॅकेट घालून अभ्यासाला बसला (अभ्यास त्या दिवशीही तरंगलाच). ही जॅकेटं फोमची असतात, त्यांची हवा काढता येत नाही, त्यामुळे मोठी बॅग त्यांनीच भरली. तुझ्या भावजयीने ती उघडून शांतपणे विचारलं, की आपण सगळे सहलीला या जॅकेटांवरच जाणार आहोत का, कारण कपड्यांना तर जागा दिसत नाही. मी म्हटलं, बघू. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ‘बघू’चा अर्थ तिला बरोबर कळतो.

एवढ्यात आई आपल्या खोलीतून बाहेर आली. तिने बैठकीतल्या ट्यूबा पाहिल्या, जॅकेटांची बॅग पाहिली, मान टाकलेलं बदकही पाहिलं. मग मला म्हणाली, “बोट एवढी भरवशाची आहे, तर हे सगळं कशाला नेतोयस?” आणि परत आत गेली. चहाचा विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, तुम्ही गेलात की घराच्या किल्ल्या मी कुठे ठेवायच्या. म्हणजे जे काम नुसतं गप्प बसून झालं असतं, ते मी मेहनत करून बिघडवलं होतं.

मग मी ठरवलं, तिला प्रात्यक्षिकच दाखवायचं. रविवारी बाल्कनीत पोरांचा फुगवायचा टब मांडला (पंपाने), पाण्याने भरला, आईला खुर्चीवर बसवलं आणि हे सामान बुडण्यासाठी नसून खेळण्यासाठी आहे, असं छोटंसं भाषण केलं. भाषणाला जोड म्हणून थोरल्याची ट्यूब स्वतःच्या कमरेत चढवली. चढली खरी, उतरेना. तसाच टबात बसायला गेलो, पाय सटकला, मी पाण्यात आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या वाळत घातलेल्या चादरींवर. कंबर तिथेच धरली. डॉक्टर खालून काहीतरी म्हणाले, ते मी ऐकू आलं नाही असं धरून चाललो आहे. तुझी भावजय एका बाजूने, थोरला दुसऱ्या बाजूने ओढत होता आणि धाकटी सांगत होती, हवा काढा, हवा काढा. एवढ्या मोठ्यांत ते तिलाच सुचलं.

आई हसत होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, शेवटी चष्मा काढून डोळे पुसत. मी फडकं आणायला आत गेलो आणि परत येतो तर तिचे दोन्ही पाय टबात, धाकटी तिच्या मनगटांत फुगे चढवतेय, आणि आई हात पुढे करून बसलेली. मी फडकं हातात घेऊन दारातच उभा राहिलो. ताई, मला फार बरं वाटलं. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, “येते मी.” एक अट घातली आहे. ती जरा नाजूक आहे, म्हणून सगळ्यात शेवटी लिहितो.

कळावे. पोरांना आशीर्वाद, भाऊजींना गुडघ्यासाठी शुभेच्छा.

तुझा धाकटा भाऊ
(सध्या पोटावर झोपून लिहितो आहे)

ता. क. आत्ताच सहलवाल्या बाईंचा फोन आला. बोटीवरच्या तलावात हवेच्या ट्यूबा, फुगे आणि बदकं चालत नाहीत. पोरांना लागणारी जॅकेटं बोटीवरच मिळतात. म्हणजे वर जे जे बांधलं, ते सगळं घरीच राहणार आहे. तुझ्या भावजयीने बॅग उलटी केली आणि कपडे भरायला घेतले.

आणखी ता. क. आईची अट. तिला पाण्यात उतरायचं आहे. नुसते पाय नव्हे, गळ्यापर्यंत. त्यासाठी पोहण्याचे कपडे हवेत, पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे आणि काळे नकोत, निळे. मला माप घेऊ देत नाही, तेव्हा ते तुलाच आणावे लागतील, आणि तुला सुचलं म्हणून आणलेस असं दाखवावं लागेल. मी तिला विचारलं, आम्हा दोघांना पोहणं शिकायला इतकी वर्षं घेऊन जायचीस, तेव्हा एकदाही का नाही उतरलीस? ती म्हणाली, “तुमचे टॉवेल कोण धरणार होतं?” कपडे तू आण. टॉवेल मी धरतो.