फौजदार माझ्या खोलीत आहे

ता. ११, मंगळवार

ताई,

मी मजेत, तुम्हीही सगळे मजेत असाल. झाले नमस्कार-चमत्कार. आता खरं सांगतो. मी प्रयोगशाळेतून एक उंदीर चोरलाय. किंचाळू नकोस. चपलांच्या खोक्यात आहे, भोकं पाडलीत, आत्ता खाटेखाली कुरतडत बसलाय.

माझं काम पिंजरे साफ करायचं, ते तुला माहितीये. आमच्या मॅडम उंदरांना आधी लाकडी भुलभुलैयातली वाट शिकवतात. मग काचेच्या पेटीत घालून भुलीचा गॅस देतात, ऑपरेशनला माणसांना देतात तसलाच. दुसऱ्या दिवशी परत सोडायचं आणि बघायचं, वाट आठवते का.

त्यातला एक माझा दोस्त. सारख्या मिशा हलवतो म्हणून फौजदार. पिंजऱ्यावर टिचकी मारली की धावत यायचा, थेट माझ्या बाहीत. एकदा तो बाहीत असताना मी आमच्या हेडक्लार्कशी हात मिळवला. तो माणूस अजून लांबूनच बोलतो माझ्याशी.

गॅसनंतर फौजदार उठला, खाल्लं, पाणी प्याला. पण टिचकी मारली तर बघेचना. हात पुढे केला तर कोपऱ्यात दबून बसला, जणू मी कुणी परका. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप भुलभुलैयात सोडला, तर पहिल्याच वळणावर अडकला. मला बघवेना. बिस्किटाचा चुरा टाकत टाकत त्याला पुन्हा सगळी वाट शिकवली. दुपारी मॅडमसमोर पठ्ठ्या सुसाट!

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "अरे, याला गॅस बाधलाच नाही! याचा मेंदू बघायला हवा." बघायला म्हणजे कापून. मी तोंड उघडलं.

"काय रे?"

"काही नाही मॅडम, शिंक अडकली."

संध्याकाळी त्याला घरी आणला आणि सांगितलं, हातातून निसटून गटारात गेला. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या हातून बरंच काही निसटतं."

मग तुझा फोन. शुक्रवारी बाबांचं ऑपरेशन, गॅसने काही होत नाही ना रे? मी म्हटलं, आमचे उंदीर दुसऱ्या दिवशी उड्या मारतात. तू हसलीस. ताई, ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. पुष्कळांना काहीच होत नाही. थोड्यांना होतं. तेच कमी कसं करायचं, ते मॅडम शोधतायत, म्हणजे बाबांसारख्यांसाठीच. आणि मी मध्येच बिस्किटं घुसवली. उद्या ते सांगून टाकणार. हाकललं तर हाकललं. फौजदार मात्र देणार नाही.

आज सकाळी खोक्यावर टिचकी मारली. आला, मिशा हलवल्या, बाहीत शिरला. हातात बिस्किट नव्हतं.

म्हणून सांगतो, बाबा उठल्यावर गोंधळलेले वाटले तर घाबरू नकोस. डॉक्टरांना सांग, आणि जवळ बसून त्याच त्याच गोष्टी बोलत राहा. मी गुरुवारी येतोय, खोक्यासकट. शुक्रवारी शुद्धीवर आल्यावर मला बघून "आलं का गाढव!" म्हणाले, तर सगळं ठीक. "या, बसा" म्हणाले तर... तर मी बसेन. आणि पहिल्यापासून सांगत बसेन.

पण हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो. मॅडमना बिस्किटं कळतील, फौजदार नको. भाऊजींना तर नकोच, त्यांच्या पोटात काही राहत नाही. बाबांनाही नको. त्यांना आधी मला ओळखून चार शिव्या देऊ देत, मग मीच सांगेन.

तुझा, आणि देव करो शुक्रवारनंतरही त्यांचा,
गाढव