दाभणाखालचं तेविसावं नाव

४ सप्टेंबर, गुरुवार

तेल आणायला जाते म्हणून निघाले आणि दाभणापाशी जाऊन बसले. चौकात ही दोन मजली लोखंडी सुई उभी केली तेव्हा काय हसले होते लोक. शिवणकामाच्या कारखान्यासमोर शोभेसाठी सुई! ती झाली इतकी जाड की सगळे दाभणच म्हणायला लागले. धाकटा म्हणायचा, "ताई, याने हत्तीचा पायजमा शिवणार आहेत."

आता कोणी हसत नाही. कारखाना जळला त्याला सात महिने झाले. चौथऱ्यावर फुलं, फोटो, आणि सुईच्या बुडाशी कापडाच्या पट्ट्या. ज्याचं माणूस गेलं त्याने त्याच्या कपड्यातली एक पट्टी बांधायची. कोणी सुरू केलं कोण जाणे. खालच्या पट्ट्यांचा रंग उडालाय.

पितळी पाटीवर बावीस नावं. दोनदा मोजली. मेले तेवीस.

तेविसावा माझा धाकटा भाऊ. कारखान्याचा रखवालदार. मागच्या दाराला कुलूप त्यानेच लावलं होतं. आग लागल्यावर ते उघडायला तोच आत धावला — पण धूर त्याच्या आधी पोचला. बावीस घरांनी मिळून लिहून दिलं, कुलूप लावणाऱ्याचं नाव आमच्या माणसांशेजारी नको. त्यांचं तरी काय चुकलं?

५ सप्टेंबर

तेल राहिलंच. ह्यांनी विचारलं, "दुकान बंद होतं का?" मी हो म्हणाले. खोटं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आग गुरुवारी लागली म्हणून बायका गुरुवारीच जमतात. काजं-बटणं करणारी एक मुलगी गेली, तिची आई आज माझ्या शेजारी येऊन टेकली. गुडघे दुखतात, तरी चालत येते.

"तुमचं कोण?"

"भाऊ."

"मशीनवर होता?"

मी मानेनेच हो म्हटलं. देवाचं नाव घेणारी मी, आणि मान कशी आपोआप हलली.

"पट्टी नाही बांधलीत अजून? बांधा हो, बरं वाटतं थोडं." मग स्वतःच म्हणाली, "खोटं कशाला सांगू, काही बरं वाटत नाही. पण हातांना काम मिळतं."

धाकट्याचे दोन सदरे आहेत घरी. एकाला कात्री लावायला घेतली. लावली नाही.

१२ सप्टेंबर

हे म्हणाले, "पितळेवर नाव कोरलं म्हणून माणूस परत येणार आहे का?" नाही येणार. एवढं कळतं मला. पण आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला मी वाढवला, माझ्या लग्नात तो माझा पदर धरून बसला होता. त्याचं नाव कुठेतरी राहायला हवं. कारखान्याच्या राखेत त्याची फक्त एक किल्ली राहिली, ती चौकशीवाल्यांनी नेली.

अर्ज लिहिला. कच्चा, मग पक्का.

१६ सप्टेंबर

नगरपालिकेत गेले. कारकून वाईट नाही. खुर्ची दिली.

"नाव घालायला आमची ना नाही, बाई. पण लोकांना एकच उत्तर हवंय. कुलूप त्याने आपल्या मनाने लावलं की वरून हुकूम होता? मालक तर कानावर हात ठेवतो. तुमच्याकडे घरी कधी काही बोलला होता का? बोलला असेल तर लिहून द्या. कागद चौकशीकडेही जाईल."

पंचवीस तारखेपर्यंत मुदत.

१७ सप्टेंबर

काल इथे आणखी एक पान लिहिलं होतं. सकाळी फाडलं आणि शेगडीत घातलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काजं-बटणंवालीच्या आईने आपणहून विषय काढला. "त्या रखवालदाराच्या बहिणीने अर्ज केलाय म्हणे. येऊ दे की नाव. हुकमाचा ताबेदार तो, त्याच्या हातात काय होतं? मालकाने सांगितलं असेल तर मी सही देईन."

मी विचारलं, "आणि आपल्या मनाने लावलं असेल तर?"

तिने पट्टीची गाठ घट्ट केली. "तर मग त्याच्या नावावर मी थुंकेन. माझी पोर त्या दाराशी सापडली, बाई. नखं राहिली नव्हती तिला."



२१ सप्टेंबर

जपाला बसले. माळ पुढे जात नाही. देव ऐकतो म्हणतात. ऐकत असेल, तर सगळंच ऐकतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दाभणाकडे गेले नाही, कचेरीत गेले. लिहून दिलं: 'मागच्या दारास कुलूप लावण्याचा हुकूम मालकांनी दिला, असे माझा भाऊ मला घरी म्हणाला होता.' खाली सही.  कारकून म्हणाला, "अक्षर मोत्यासारखं आहे हो. मॅट्रिक का?" मी म्हटलं, पहिल्या प्रयत्नात.

२९ सप्टेंबर

जेवण जात नाही. हे डॉक्टरकडे चल म्हणतात. डॉक्टर काय करणार?

९ ऑक्टोबर, गुरुवार

नाव कोरलं. सर्वांत खाली, तेविसावं. पितळ तेवढ्या जागी नवं दिसतं, डोळ्यांत भरतं. मी बोट फिरवलं त्यावर. मला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही.

मी कोणाची बहीण ते काजं-बटणंवालीच्या आईला कचेरीतून कळलं होतं. तिने मला मिठीच मारली. "आधीच का नाही ग बोललीस? मी काय खाल्लं असतं तुला?" तिने आपल्या मुलीच्या ओढणीची एक पट्टी आणली होती, ती त्याच्या नावाने सुईला बांधली. म्हणाली, "मालकाला काल पकडून नेला. तुझ्या कागदावर. लहान पोरं आहेत म्हणे त्याला, असू देत. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

मी "असू दे, असू दे" म्हणत राहिले.

१० ऑक्टोबर

मालकाने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. मागच्या दाराने कापडाचे गठ्ठे चोरीला जात होते आणि भरपाई धाकट्याच्या पगारातून कापली जात होती. कुलूपही मीच घासाघीस करून आणलं. तो म्हणाला होता, "ताई, आत बायका कामाला असतात ग." मी म्हणाले, "असू देत. पुढचं दार आहे ना त्यांना."