दणक्याआधीचा फोन

कोरिन,

काल आपल्या अध्यक्षांनी शत्रूचा तो हवाई तळ उडवला. क्षेपणास्त्रं सुटली ती माझा पोरगा डेल नौदलात ज्या जहाजावर आहे, तिथूनच.

थँक्सगिव्हिंगला आपण सगळे आभार मानत होतो, तेव्हा परराष्ट्र खात्यात जन्म घालवलेली तू म्हणालीस, "बोलणी करून टळलेल्या युद्धांसाठी मी आभारी आहे." मी भाजलेली टर्की कापताकापताच तुला तोडलं, "गुंडांना कॉफी पाजून कोण सुधारलंय गं?" तू ताटावरून उठलीस. तेव्हापासून आपला अबोला.

आज कागद घेतला तो तुला टोमणा मारायलाच. बघ, शेवटी दणकाच लागतो ना! तेवढ्यात डेलचा फोन आला. "आई, हल्ल्याआधी आपल्या लोकांनी तळावरच्यांना फोन करून तळ रिकामा करायला लावला होता. कुणी मेलं नाही. मला शांत झोप लागली."

अगं, माझ्या पोराची झोप त्या फोनमुळे शाबूत राहिली. दणका हवाच, हे मी अजूनही म्हणते. पण आधी फोन हवा, हे तुझं खरं.

म्हणून हे पत्र टाकत नाही. थँक्सगिव्हिंगचा तो गोड पदार्थ, भोपळ्याचा ‘पाय’, ओव्हनमध्ये ठेवलाय आणि तुझा नंबर फिरवतेय. उचल, बाई.

तुझी भांडकुदळ,
वर्ना