प्रांजलच्या मांडवाला यावा

१० जानेवारी

पनवेलला पोचले. सामान म्हणजे दोन बॅगा, धड वाजवता न येणारी एक पेटी आणि माझे कान. बार्शीत वरातींचे स्पीकर लावत मोठी झालेली मुलगी आता एका खऱ्या बँडचं रेकॉर्डिंग करणार, हे आईला अजून पटलेलं नाही. तिच्या मते बँड म्हणजे लाल कोट घालून घोड्यापुढे चालणारी माणसं.

आमच्या बँडचं नाव ‘खाजण’, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. प्रांजल गाते, भावेश ड्रम वाजवतो, अरसलान गिटार. प्रांजल मला घ्यायला स्वतः स्टेशनवर आली होती आणि जड बॅग तिनेच उचलली. करंजाड्याला तिचं घर आहे, त्यातली गॅलरीची खोली तिने मला देऊन टाकली. भाड्याचा विषय काढला तर रागावली. जेवायला वालाचं बिरडं होतं. मी निर्लज्जासारखं तीनदा वाढून घेतलं आणि ती हसत राहिली. इतकं सरळ माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं. मी बदलणार आहे इथे, चांगली होणार आहे.

१५ जानेवारी

स्टुडिओ पाहिला. जुन्या पनवेलमध्ये अरसलानच्या चाचांचं तांदळाचं गोदाम होतं. चाचा कुवेतला, त्यामुळे गोदाम आपलंच. तीन भिंतींना गाद्या ठोकल्यात, चौथी उघडी ठेवलीय. आत सतरंजी आहे म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, हा अरसलानचा नियम.

आत गेल्या गेल्या मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली. नव्या जागी मी हेच करते. रिकामी खोली टाळीला उत्तर देते, माणसांनी भरलेली खोली टाळी गिळून टाकते. बार्शीच्या मंगल कार्यालयात पंगत बसलीय की उठलीय, हे मी डोळे मिटून सांगायचे. गोदामाने छान खणखणीत उत्तर दिलं. प्रांजलला हे इतकं आवडलं की तीही लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत फिरली.

बँडची अडचण एकच. वाजवतात उत्तम, पण गाणी सगळ्यांच्यासारखीच. मग भावेशकडून कळलं की त्याची आत्या गुणाबाई गव्हाणला असते आणि ती धवलारीण आहे. त्यांच्याकडच्या आगरी लग्नात भटजीच्या बरोबरीने धवलारीण असते. ती धवले गाते आणि गाण्यातूनच एकेक विधी पुढे सरकतो. मी म्हटलं, उद्याच घेऊन ये तिला.

१९ जानेवारी

गुणाबाई आल्या. नवी साडी, अंबाडा, त्यात अबोलीचा गजरा. हेडफोन लावून स्वतःचाच खोकला ऐकला आणि पोट धरून हसल्या. माझ्याबरोबर फोटो काढायला लावला आणि चष्म्यामुळे म्हातारी दिसते म्हणून पुन्हा काढायला लावला.

माईक सुरू केल्यावर मात्र त्यांनी विचारलं, “लगीन कुनाचा हाय?” भावेशने समजावलं की लग्न नाही, नुसतं रेकॉर्डिंग. त्यांना ते पटेना. नवरीच्या नावाशिवाय धवला सुरूच होत नाही म्हणाल्या. शेवटी कुणाचं तरी एक नाव घेतलं आणि काम झालं. नवऱ्याचं नाव रिकामंच ठेवलं.

त्या गायल्या ते आमंत्रण होतं. लग्नाला सगळ्यांना बोलवायचं. देवांना, गाववाल्यांना, आणि होडी घेऊन गेलेल्या पण परत न आलेल्यांनाही.

*यावा गो यावा, पान्यावरल्यांनो यावा,*
*यावा गो यावा, पान्याखालल्यांनो यावा…*

माझ्या अंगावर काटा आला. मला हवं होतं ते मिळालं होतं. त्यांना पुढे लग्नाचा धवला आणि मग पाहुण्यांना निरोप द्यायचा धवला गायचा होता, पण अरसलानकडे चार वाजता दुसरी मंडळी यायची होती. मी आभार मानून माईक काढला. बाई उठेनात. “बोलावला त लावून बी देवाला लागतां,” म्हणाल्या, म्हणजे बोलावलं की निरोपही द्यायला लागतो. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. रिक्षा बोलावली. जाताना दाराची चौकट धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. दमल्या असतील.

३ फेब्रुवारी

गाणं आलं. ‘यावा’. गुणाबाईंचा तेवढाच तुकडा उचलून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवत ठेवला, त्यावर भावेशचे ड्रम आणि प्रांजलचा आवाज. इतकं चाललंय की विश्वास बसत नाही. रसवंतीवर वाजतंय, रिक्षात वाजतंय, लोक हळदीच्या व्हिडिओंना लावतायत. आईचासुद्धा फोन आला.

नावांच्या यादीत मी ‘आवाज : पारंपरिक’ असं टाकलं. भावेशने ते दोनदा वाचलं. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी दुरुस्त करू. माझं ‘पुढच्या वेळी’ आता माझ्याच कानाला खटकायला लागलंय.

८ फेब्रुवारी

आज भर दुपारी स्टुडिओत एकटीच होते. सवयीने टाळी वाजवली. उत्तर आलं नाही.

पुन्हा वाजवली. ठप्प. पंगत बसलेल्या हॉलमध्ये वाजवावी तशी. गाद्या होत्या तेवढ्याच होत्या. चौथी भिंत उघडीच होती. माझ्या कानांना दडे बसले असतील म्हणून बाहेर बोळात जाऊन टाळी वाजवली, तिथे स्वच्छ ऐकू आली. परत आत आले, तर ठप्प.

रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून पाहिला. हेडफोनमध्ये कुजबुज नाही, काही नाही. फक्त खूप माणसं गप्प बसल्यावर जे ऐकू येतं ते. मला ते चांगलं ओळखता येतं.

११ फेब्रुवारी

दाराबाहेर चपला होत्या. मला वाटलं दुसरा बँड आत आहे, म्हणून पायरीवर बसून राहिले. अरसलान आला आणि त्याने दाखवलं, दाराला बाहेरून कुलूप होतं. चपला ओल्या होत्या, रबरी, जुन्या. काहींच्या तळांना खाडीतली कालवं चिकटलेली. त्याने शेजारपाजारच्यांना विचारलं, कुणाच्याच नाहीत. मोहल्ल्यातल्या पोरांचा चावटपणा म्हणून त्याने त्या बाजूला लोटल्या, पण त्यानंतर आत यायला तो तयार होईना. गोदामाची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “मिताली, जो भी है, इसे निपटा दे. अम्मी को पता चला तो ताला लग जाएगा.”

घरी आले तर प्रांजल बेसिनशी हात धूत होती. नखं पिवळी झाली होती. बिरड्यात हळद जास्त पडली असेल म्हणाली. मी म्हटलं, असेल. घरात आज बिरडं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

हळद कोपरापर्यंत चढलीय. प्रांजल आता पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. आज सकाळी तिने सांगितलं की हल्ली दुपारी डोळा लागला की घरात पाहुणे बसलेले दिसतात. सगळे भिजलेले, सगळे अदबीने वागणारे. जाताना तोंड भरून तिचं नाव घेतात. यांना माझं नाव कसं माहीत, असं तिने मलाच विचारलं. माझ्याच ताटात पोळी वाढता वाढता विचारलं.

मी इथे खोटं लिहिलं होतं. ‘कुणाचं तरी एक नाव’ नाही. गुणाबाईंनी आधी माझ्याकडे बघून विचारलं होतं, “तुजा नाव घेऊ का गो?” आणि मी घाबरले. मी, जी सगळ्यांना सांगत फिरते की हे सगळं आवाजाचं शास्त्र आहे. मी झटकन प्रांजलचं नाव सांगितलं. ती तेव्हा बाहेर आमच्यासाठी चहा आणायला गेली होती. परत आल्यावर नाव ऐकून तिला गंमत वाटली. मला बरं वाटलं, की माझं नाही.

लाज वाटते. आधी माझं नाव विचारलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

गव्हाणला गेले. वाटलं होतं, गुणाबाईंचे पाय धरीन आणि निरोपाचा धवला गाऊन घेईन. त्यांच्या सुनेने, किशोरीने, दार उघडलं. तिच्याकडून कळलं, रेकॉर्डिंगनंतर गुणाबाई घरी आल्या त्याच संध्याकाळी त्यांची वाचा गेली. भावेशला माहीत होतं. त्याने मला सांगितलं नाही, कारण मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या खाटेवर बसल्या होत्या. मला ओळखलं. ओठ हलवत राहिल्या, आवाज नाही. मग हाताने माझ्याकडे बोट केलं आणि ते बोट माझ्या छातीवर टेकवलं.

किशोरीने अर्थ सांगितला. लग्न लागल्याबिगर पाहुणे उठत नाहीत. नवऱ्याचं नाव रिकामं ठेवलं तर त्यांच्यातलाच कुणीतरी नवरा होतो. गाणं जिथे जिथे वाजतंय तिथून नवे येतायत. आता एकच होऊ शकतं. “ज्यानं नाव दिला त्यानंच त्या जागी सोताचा घालाचा. दुसऱ्या कोनाचा चालत नाय.”

तिने मला पाणी दिलं. मी भांडं तसंच खाली ठेवलं. निघताना तिने विचारलं की गाण्यावर आत्याबाईंचं नाव कुठे लिहिलंय, नातवंडांना दाखवायचं आहे. मी म्हटलं, आहे ना. आणि आले निघून.

१६ फेब्रुवारी

गाणं काढून टाकलं. उपयोग नाही. लोकांनी उतरवून घेतलंय. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाची तरी हळद आहे, सकाळपासून तेच – यावा गो यावा –

प्रांजलने हिरवा चुडा भरून आणला. का ते तिला सांगता येईना. रडत होती, आणि रडता रडता लाजत होती.

आज सांगणार होते. ती म्हणाली, तू आहेस म्हणून मला घरात एकटं वाटत नाही. मग नाही सांगितलं.

१७ फेब्रुवारी

भावेशला सगळं सांगितलं. ओरडला नाही. फक्त म्हणाला, “तुजा नाव सांगाचा होता ना मग.” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर –

उद्या दुपारी. प्रांजल झोपलेली असताना. माईक लावायचा, चाल मला पाठ आहे, नाव माझं घालायचं. मिताली. तीन तर अक्षरं.

१८ फेब्रुवारी, दुपार

स्टुडिओत. चपला पायरीपासून बोळाच्या तोंडापर्यंत. पाय ठेवायला जागा नाही. माझ्या कुठे काढू म्हणून हातात घेऊनच आत आले.

टाळी वाजवली. हात एकमेकांवर आपटले ते दिसलं. ऐकू काहीच आलं नाही.

सतरंजी ओली. खाडीचा वास. पण मधे वाट सोडलीय त्यांनी. माईकपर्यंत. अदबीने.

आता गाते.

–

गायले.

आवाज लागला चांगला. पान्यावरल्यांनो. पान्याखालल्यांनो. नावाची जागा आली. मी सकाळपासून घोकत होते. कुणी ढकललं नाही मला. कुणी गळा धरला नाही. सगळे नुसते ऐकत होते.

मी प्रांजल म्हटलं.

परत. माझ्या तोंडाने, पूर्ण शुद्धीत. तिचंच नाव घेतलं मी –

दार उघडलं. तीच आहे. पिवळ्या साडीत, केस ओले. शेजारी कोण उभं आहे तिकडे बघत नाही. धोतराचा काठ दिसतो, त्यातून पाणी –

ती रागावलेली नाही. रागवायला हवं होतं. म्हणते, नाव तू दिलंस, तर करवलीही तूच हवीस. माझ्यामागे दिवा धरायला दुसरं कोण आहे मला.

दिवा दिला. डाव्या हातात दिवा, उजव्याने लिहिते आहे. सगळे उठलेत. चल म्हणते, खाडीकडे.

एकदा तरी तिची माफी मागायची. जायच्या आधी एकदा. तोंड उघडते आणि बाहेर येतं ते यावा गो यावा, मी प्रांजल म्हणते, मला माफ – आणि येतं ते यावा गो, या